हिजडा-समाज : सनद, नोंदवही आणि कादंबरी

आपल्या सुशिक्षित घरांतून हिजड्यांविषयीं जें ज्ञान असतें तें बहुधा उंबरठ्याबाहेरचें असतें. घरीं मूल जन्मलें, लग्न लागलें, नव्या दुकानाची पूजा झाली, म्हणजे टाळ्यांचा ओळखीचा आवाज ऐकूं येतो, कोणी वडील माणूस कांहीं पैसे देऊन पाहुण्यांना वाटेस लावतो, आणि मुलांनीं "हे कोण?" असें विचारलें तर विषय बदलला जातो. ज्यांचा आशीर्वाद शुभ मानावयाचा, त्यांचें नांव मात्र शिवी म्हणून वापरावयाचें, अशी ही विलक्षण रीत आहे. या लोकांना कांहीं इतिहास असेल, त्यांच्याजवळ एके काळीं राजाच्या सनदा असतील, त्या सनदा कोणी तरी काढून घेतल्या असतील, हा विचार आपल्या मनास क्वचितच शिवतो. प्रस्तुत लेखांत आम्हांस त्या इतिहासाचा थोडक्यांत मागोवा घ्यावयाचा आहे, आणि आपल्या कथाकादंबऱ्यांनीं त्याची दखल कितपत घेतली हेंहि पाहावयाचें आहे. आमचें म्हणणें आरंभींच सांगून ठेवतों. हिजड्यांवर जो घाला पडला तो त्यांच्या वेषावर पडला अशी सामान्य समजूत आहे. परंतु कागद नीट पाहिले तर तो खरोखर त्यांच्या कुटुंबावर पडला, असें दिसून येईल. आणि ज्या लेखकाला हें कुटुंब दिसलें, त्याचीच कादंबरी खरी उतरली आहे.

प्रथम शब्दाविषयीं. अलीकडे वर्तमानपत्रांतून 'तृतीयपंथी' हा शब्द रूढ झाला आहे; हिंदींत 'किन्नर' म्हणतात. जन्माच्या वेळीं जें लिंग नोंदलें गेलें त्याहून आपण निराळे आहों, असें ज्यांना वाटतें तीं सर्वच माणसें कांहीं हिजडा-समाजांत जात नाहींत. गुरु, चेला, घराणें आणि नायक अशी ज्याची स्वतःची बांधणी आहे, त्या विशिष्ट समाजाचें नांव हिजडा हेंच होय, आणि त्यांतील अनेकांनीं तें अभिमानानें धारण केलें आहे. म्हणून आम्हीहि तेंच वापरीत आहों.

आपल्या प्राचीन ग्रंथांत या विषयाचे दाखले शोधूं गेल्यास ते सहज सांपडतात. अर्जुन विराटाच्या घरीं बृहन्नडा होऊन राहतो व उत्तरेला नृत्यगायन शिकवितो. द्रुपदाच्या घरीं कन्या म्हणून जन्मलेला शिखंडी पुत्र म्हणून वाढतो, आणि स्थूणाकर्ण यक्षाशीं लिंगाची अदलाबदल करून पुरुष होतो. वात्स्यायनानें कामसूत्रांत 'तृतीया प्रकृति' असा वर्ग सांगून तिचे स्त्रीरूपिणी व पुरुषरूपिणी असे दोन भेद केले आहेत. एवढ्यावरून आपले पूर्वज या बाबतींत फार उदार होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण तो आवरला पाहिजे. अर्जुनाचें बृहन्नडापण एका वर्षापुरतें आहे. अज्ञातवास संपत आला कीं गांडीव पुन्हां हातीं येतें. शिखंडी पुरुष झाला तरी भीष्म त्याच्यावर शस्त्र उचलीत नाहींत. जन्माची नोंद रणांगणावरहि त्याची पाठ सोडीत नाहीं. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत क्लीबाला वारसाहक्कांतून वगळलें आहे, आणि लागलीच त्याला अन्नवस्त्र द्यावें असें बंधन वारसांवर घातलें आहे. क्लीब म्हणजे आजचा हिजडा, असें समीकरण मांडणें बरोबर होणार नाहीं. तथापि अन्न द्यावें पण वाटा देऊं नये, ही जी वृत्ति त्या नियमांत आहे, ती पुढें शतकानुशतकें टिकली एवढें खास. तमिळ देशांत कूवागम् येथें दर वर्षीं चित्रा महिन्यांत शेंकडों जणी अरवान देवाशीं लग्न लावतात व दुसऱ्या दिवशीं त्याच्या नांवानें वैधव्य पत्करतात. कथेंत आणि उत्सवांत जागा आहे. घरांत मात्र नाहीं.

मुसलमानी दरबारांतील ख्वाजासऱ्यांची गोष्ट निराळी आहे. अल्लाउद्दीन खिलजीचा सेनापति मलिक काफूर, ज्याच्या स्वारीची आठवण देवगिरीला चांगलीच राहिली, तो अशांपैकींच एक होता. पण ख्वाजासरा हा मूळचा गुलाम. धन्याच्या मर्जीनें तो सरदार होई व मर्जी फिरली कीं नाहींसा होई. त्यांचा अधिकार एकेकट्याचा होता. हिजडे म्हणजे एक समाज. त्यांना जें कांहीं मिळत होतें तें समाज म्हणून, आणि पिढीजात. याचा उत्तम पुरावा आपल्या महाराष्ट्रांतच आहे.

मराठेशाहींत दख्खनमधील कांहीं हिजड्यांजवळ वतनें होतीं, ही गोष्ट लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकानें १९८७ सालीं एका निबंधांत दप्तरांच्या आधारें सविस्तर मांडली. कोणाकडे इनाम जमीन होती. कोणाला ठराविक मुलखांतील गांवोगांव फिरून रयतेकडून थोडा रोख पैसा व थोडें धान्य घेण्याचा हक्क होता. या हक्काचें रूप भिक्षेचें असलें तरी त्याची जात वतनाची होती. पाटील-कुळकर्ण्यांचें वतन जसें बापाकडून मुलाकडे जाई, तसें हें गुरूकडून चेल्याकडे जाई. येथेंच खरें मर्म आहे. ज्यांना पोटचें मूल होणार नाहीं, ज्यांना बापाच्या घरीं वाटा नाहीं, त्यांनीं गुरु-चेल्याच्या नात्यानें स्वतःचें एक घर उभारलें होतें, आणि मराठी राज्यानें त्या घराचा वारसा सनदेवर मान्य केला होता. राज्यकर्त्यांना त्यांच्याविषयीं विशेष प्रेम होतें, असें यावरून आम्ही म्हणत नाहीं. वतन ही त्या काळची साधी चाकोरी होती. गांवच्या हर एका घटकाला कांहीं तरी देणें लागे, तसें यांनाहि लागे. पण हक्काला प्रेमाची जरूर नसते; नोंद पुरते.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि हें दप्तर मुंबई सरकारच्या हातीं आलें. नव्या साहेबांपुढें हा एक मोठाच पेंच उभा राहिला. मागील राज्याच्या सनदा पाळूं, असें तर आश्वासन दिलेलें. पण हिजड्याला भिक्षा मागण्याचा हक्क असावा आणि तो सरकारनें राखावा, ही कल्पना त्यांच्या नीतिबुद्धीला मानवेना. पुढील दोन-तीन दशकांत पुण्याच्या कलेक्टराकडून व इतरांकडून पत्रव्यवहार झाला, आणि अखेरीस या वसुलीला सरकारचें पाठबळ असणार नाहीं असें ठरलें. इनामांची चौकशी करण्यासाठीं १८५२ सालीं जो अकरावा कायदा झाला, त्यांत सार्वजनिक सभ्यतेला बाधक अशीं इनामें चालवूं नयेत, असें कलम होतें; त्याचा आधार जमिनींच्या बाबतींतहि घेतां आला. कोणावर खटला झाला नाहीं, कोणाला तुरुंगांत टाकलें नाहीं. सरकारनें फक्त नोंदींतून आपला हात काढून घेतला, आणि काल जो हक्क होता तो आज उपद्रव ठरला. आपल्या दारीं येणाऱ्या हिजड्यांच्या मागणीला आपण जबरदस्ती म्हणतों, तेव्हां तिच्यामागें एक बुडालेलें वतन उभें आहे, ही गोष्ट आपल्या ध्यानांत नसते.

उत्तरेकडे याहून कठोर प्रकार घडला. १८५२ सालीं मैनपुरी जिल्ह्यांत भूरा नांवाच्या एका हिजड्याचा खून झाला. ती आपल्या दोन चेल्यांसह राहत असे, व जन्मोत्सवांत गाऊन-नाचून पोट भरीत असे. खुनाबद्दल तिच्या पूर्वीच्या प्रियकरास दोषी ठरविण्यांत आलें. परंतु न्यायाधीशांनीं जें लिहिलें त्यांत आरोपीचे पिंजऱ्यांत मेलेलीचा सारा समाजच उभा केला. तेथून पुढें वायव्य प्रांतांतील अधिकाऱ्यांना हिजडे म्हणजे राज्याला लागलेला कलंक वाटूं लागले, आणि त्यांची संख्या हळूहळू नाहींशी व्हावी, असा हेतु त्यांच्या लिखाणांत उघडपणें येऊं लागला. जेसिका हिंची या विदुषीनें २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत हें सर्व प्रकरण तपशीलवार दिलें आहे.

या हेतूला कायद्याचें रूप आलें तें १८७१ सालीं. त्या वर्षींचा सत्ताविसावा कायदा 'गुन्हेगार जातींचा कायदा' म्हणून आपल्याकडे कुप्रसिद्ध आहे. पारधी, कैकाडी वगैरे समाजांनीं पुढें त्याचे जे चटके सोसले ते महाराष्ट्राला ठाऊक आहेत. पण या कायद्याचा दुसरा भाग खास हिजड्यांसाठीं होता, हें फारसें कोणाला माहीत नसतें. तो वायव्य प्रांत, अयोध्या व पंजाब यांकरितां होता. मुलें पळविणें, खच्ची करणें किंवा दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमाखालील गुन्हा करणें, यांचा ज्यांच्यावर संशय असेल, त्यांची नांवें व पत्ते एका नोंदवहींत लिहावयाचे. गुन्हा सिद्ध व्हावयास नको. 'वाजवी संशय' असला कीं पुरे. एकदां नांव चढलें म्हणजे त्या माणसानें स्त्रीच्या वेषांत किंवा दागिने घालून रस्त्यावर दिसूं नये, सार्वजनिक जागीं नाचूं-गाऊं नये, पैसे घेऊन खासगी घरींहि तसें करूं नये. केल्यास वॉरंटावांचून अटक, आणि दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

येथवर वेषाची व उपजीविकेची गोष्ट झाली. पुढचीं कलमें अधिक बोलकीं आहेत. नोंदलेल्या हिजड्याजवळ सोळा वर्षांखालील मुलगा सांपडला तर पुन्हां तीच शिक्षा. शिवाय अशा माणसाला कोणाचें पालक होतां येणार नाहीं, दान करतां येणार नाहीं, मृत्युपत्र करतां येणार नाहीं, आणि दत्तक घेतां येणार नाहीं. वाचकांनीं या चार गोष्टी एकत्र वाचून पाहाव्यात. वेषाची बंदी पोलिसाच्या नजरेआड मोडतां येते, आणि ती मोडलीहि गेली. हिजडे एका जिल्ह्यांतून दुसऱ्यांत गेले, संस्थानी मुलखांत गेले, आणि आपला समाज त्यांनीं जगविला. पण ज्याला मूल संभाळतां येत नाहीं, वारस नेमतां येत नाहीं, मरतांना आपलें भांडेंकुंडें कोणाच्या स्वाधीन करतां येत नाहीं, त्याचें घर एका पिढींत मोडतें. गुरूकडून चेल्याकडे जाणारी वाट बंद करावी, म्हणजे हा समाज आपोआप संपेल, असा तो हिशेब होता. मनूनें अन्नवस्त्र तरी ठेवलें होतें. या कायद्यानें तेंहि ठेवलें नाहीं, कारण ज्या गाण्यानाचण्यानें तें मिळे तोच गुन्हा ठरला.

याच काळांत इकडे महाराष्ट्रांत काय चाललें होतें, हें आठवलें तर मोठी गंमत वाटते. १९०५ सालीं नारायणराव राजहंस किर्लोस्कर मंडळींत आले, आणि शकुंतला, भामिनी यांच्या रूपांनीं त्यांनीं सारा महाराष्ट्र वेडा केला. बालगंधर्वांच्या नेसण्याचें व दागिन्यांचें अनुकरण कुलीन स्त्रिया करीत. उत्तरेंत नोंदलेल्या व्यक्तीनें लुगडें नेसून रस्त्यावर येणें हा गुन्हा, आणि इकडे पुरुषानें शालू नेसून रंगभूमीवर येणें ही कला. दोन्ही एकाच साम्राज्यांत व एकाच दशकांत! बालगंधर्वांच्या थोरवीला यानें यत्किंचितहि उणेपणा येत नाहीं. प्रश्न प्रेक्षकांचा आहे. पडदा पडल्यावर वेष उतरणार, अशी खात्री असेपर्यंत आपण तो वेष डोक्यावर घेतों. जिचा तो वेष नसून जीवन आहे, तिच्याकडे आपण पाठ फिरवितों.

ब्रिटिश हद्दींतील हीं कलमें १९११ सालीं गेलीं; पण त्यांची सांवली गेली नाहीं. निझामाच्या हैदराबाद संस्थानांत, ज्यांत तेव्हां आपला मराठवाडाहि होता, १३२९ फसली म्हणजे इ. स. १९१९ च्या सुमारास याच धर्तीचा एक कायदा झाला. तीच नोंदवही, तोच संशय, तीच वॉरंटावांचून अटक. संस्थान विलीन झालें, मराठवाडा महाराष्ट्रांत आला, आंध्र व पुढें तेलंगण हीं राज्यें झालीं. तरी हा कायदा तेलंगणांत कागदोपत्रीं जिवंत राहिला, आणि तेथील उच्च न्यायालयानें तो २०२३ सालीं घटनाबाह्य ठरविला.

आतां वाङ्मयाकडे वळूं. ज्या काळांत नोंदवह्या भरत होत्या, त्याच काळांत आपल्या देशी भाषांतून कादंबरी हा प्रकार जन्मास आला. पण ती कादंबरी मध्यम वर्गाच्या कुटुंबाची होती. विधवा, परित्यक्ता, सून यांची दुःखें तिनें पाहिलीं. आणि ज्याला त्या कुटुंबानें बाहेर काढलें, तो तिच्या दृष्टीच्याहि बाहेर राहिला. मराठी कादंबरी या प्रदेशाच्या जवळ गेली ती मुख्यतः आडवाटेनें. आनंद यादवांच्या 'नटरंग'मध्यें तमाशांतील नाच्याची व्यथा आहे. नाच्या हा हिजडा नव्हे, पण बायकी म्हणून पुरुषाची जी विटंबना होते तिचें तें चित्र आहे. राजन गवस यांच्या 'भंडारभोग'मध्यें यल्लम्माला सोडलेल्या जोगत्याचें जीवन आहे. तेथें तर धर्म, दारिद्र्य व कुटुंब हीं तिन्ही मिळून एका तरुणाच्या अंगावर लुगडें चढवितात. हे दोन्ही ग्रंथ मोलाचे आहेत. परंतु दोहोंतहि स्त्रीवेष ही नायकावर आलेली आपत्ति आहे. तो वेष ज्याला आपला वाटतो, त्याची कथा मराठींत यावयास वेळ लागला.

इंग्रजींत खुशवंतसिंगांनीं १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या 'दिल्ली' कादंबरींत भागमती ही हिजडा निवेदकाची प्रेयसी म्हणून आणली. ती खटकेबाज आहे, जिवंतहि आहे. पण ती प्रामुख्यानें दिल्ली शहराचें प्रतीक म्हणून वावरते. प्रतीकाला वारस लागत नाहीं. उलट हिंदींत नीरजा माधव यांच्या 'यमदीप'मध्यें नाजबीबी एका अनाथ मुलीला वाढविते. १८७१ च्या कायद्यानें ज्या गोष्टीचा गुन्हा केला होता, तीच गोष्ट, म्हणजे हिजड्याच्या मांडीवर मूल, या कादंबरीच्या केंद्रस्थानीं आली. अरुंधती रॉय यांच्या २०१७ सालच्या इंग्रजी कादंबरींतहि अंजुम जामा मशिदीच्या पायऱ्यांवर सांपडलेल्या झैनबला घरीं आणते. आणि त्या घरांत, ज्याला तीं सर्व ख्वाबगाह म्हणतात, गुरूच्या जागीं कोण येणार, हा मोठा प्रश्न असतो. ज्यांनीं वतनाचे कागद पाहिले आहेत, त्यांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल.

आमच्या मतें या सर्वांत मध्यमवर्गीय वाचकानें अवश्य वाचावी ती चित्रा मुद्गल यांची 'पोस्ट बॉक्स नं. २०३ नाला सोपारा' ही हिंदी कादंबरी. तिला २०१८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ती सारी पत्ररूप आहे. चांगल्या खात्यापित्या घरचा विनोद, लहानपणीं हिजड्यांच्या स्वाधीन केलेला, मोठेपणीं आईला पत्रें लिहितो. घरच्यांना कळूं नये म्हणून आईनें पोस्टांत एक पेटी घेतली आहे. तिचा क्रमांक हेंच पुस्तकाचें नांव. येथें हिजडा दारीं आलेला नाहीं. दारांतून बाहेर गेलेला आहे. एवढ्या एका फिरवणीनें लेखिकेनें प्रश्न जेथें ठेवावयास पाहिजे तेथें ठेवला आहे. हिजडे कोठून येतात, असें आपण विचारतों. ते आपल्याच घरांतून येतात.

भाषेचाहि एक मुद्दा येथें सांगण्यासारखा आहे. रॉय यांच्या कादंबरींत आफताबच्या आईला, जो आफताब पुढें अंजुम होतो, असा पेंच पडतो कीं, उर्दूंत प्रत्येक वस्तु एक तर पुल्लिंगी नाहीं तर स्त्रीलिंगी. मग आपल्या मुलाला ठेवावें कोठें? मराठीला तीन लिंगें आहेत, म्हणून आपण सुटलों असें मात्र नाहीं. नपुंसकलिंग आपण वस्तूंना, पांखरांना, लहान मुलांना लावतों; मोठ्या माणसाला 'तें' म्हटलें कीं अपमान होतो. शिवाय मराठींत 'मी'सुद्धां मोकळा नाहीं. 'मी जातों' कीं 'मी जातें', हें वाक्य संपण्यापूर्वीं ठरवावेंच लागतें. इंग्रजींत आत्मकथा लिहिणारीला ही अडचण पहिल्या पुरुषीं येत नाहीं; मराठींत ती पहिल्याच क्रियापदाला येते. म्हणून मराठींत हिजड्यानें स्वतःविषयीं उच्चारलेलें साधें वाक्य हीच एक प्रतिज्ञा असते.

अशा वाक्यांचें युग आतां सुरू झालें आहे. तमिळ भाषिक ए. रेवती यांचें आत्मचरित्र २०१० सालीं इंग्रजींत प्रसिद्ध झालें. २०१२ सालीं लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचें 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' हें आत्मकथन वैशाली रोडे यांच्या शब्दांकनानें मराठींत आलें. दिशा पिंकी शेख यांच्या 'कुरूप' या संग्रहानें मराठी कवितेंतहि हा स्वर आणला. नोंदवहींत ज्यांचीं नांवें दुसऱ्यांनीं लिहिलीं, त्यांनीं आपलें नांव आपण लिहिलें, हा या पुस्तकांचा ऐतिहासिक अर्थ आहे. त्यांची वाङ्मयीन गुणवत्ता सारखी नाहीं; ती कोणत्याहि वाङ्मयाची नसते.

कायद्याचें पाऊलहि पुढें पडलें. २०११ च्या जनगणनेंत स्त्री व पुरुष यांच्या जोडीला 'इतर' अशी नोंद करण्याची सोय झाली, आणि त्या सदराखालीं देशांत ४,८७,८०३ माणसें मोजलीं गेलीं. १५ एप्रिल २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. राधाकृष्णन व न्या. सिक्री यांनीं, आपलें लिंग कोणतें हें ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे, असा निर्णय दिला. २०१९ सालीं संसदेनें यासंबंधीं स्वतंत्र कायदा केला. त्यांत जिल्हाधिकाऱ्याकडून ओळखीचें प्रमाणपत्र घेण्याची तरतूद ठेवण्यांत आली, आणि तिला या समाजांतून विरोध झाला. नोंदीनेंच ज्यांचा घात झाला, ते नव्या नोंदीकडे साशंकतेनें पाहतात यांत नवल नाहीं. सनदहि नोंदच होती आणि १८७१ ची वहीहि नोंदच होती. एकीनें वारसा राखला, दुसरीनें मोडला. तेव्हां नोंद असावी कीं नसावी, एवढाच वाद घालून भागणार नाहीं. ती नोंद माणसाला घर देते कीं त्याचें घर मोडते, या एकाच कसोटीवर ती घासून पाहिली पाहिजे.

आणि ही कसोटी सरकारलाच लागू आहे असें समजून आपण स्वस्थ बसूं नये. एखाद्या घरांतला मुलगा आपण मुलगी आहों असें सांगूं लागला, तर त्याचें नांव रेशनकार्डावर, वडिलांच्या मृत्युपत्रांत, बहिणीच्या लग्नपत्रिकेंत राहतें कीं नाहीं, हें कोणतेंहि न्यायालय दाराशीं बसून पाहणार नाहीं. गुरु-चेल्यांचें घराणें निर्माण झालें तें आपल्या घरांतून निघालेल्यांना निवारा हवा म्हणून. त्या निवाऱ्याचा योग्य तो मान राखावा; पण तेथें जाण्याची पाळी मुलावर येऊं नये, हें मात्र सर्वस्वीं आपल्या हातीं आहे. ज्या आईला स्वतःच्या लेकराचीं पत्रें घेण्यासाठीं पोस्टांत चोरून पेटी घ्यावी लागते, ती आई कादंबरींतली असली तरी तिचें घर आपल्या ओळखीचें आहे.